अन्न नाक्यावर, मूल उपाशी : अडते कोठे?

युद्धाच्या बातम्यांत एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. सरहद्दीच्या नाक्यावर पिठाच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रकची रांग उभी असते आणि तेथून थोड्याच अंतरावर मुले भुकेने मरत असतात. २०२४ मध्ये चाडमधून सुदानमध्ये जाणारा आद्रेचा रस्ता सुमारे सहा महिने मदतीसाठी बंद होता, तेव्हा हेच घडले. २०२५ च्या मार्चपासून मेपर्यंत गाझा पट्टीत काहीच जाऊ दिले गेले नाही, तेव्हाही हेच घडले. हे पाहून कोणाच्याही मनात साधा प्रश्न येतो. अन्न आहे, वाहने आहेत, पैसा देणारेही आहेत, मग अडते कोठे?

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु भुकेने मरणाऱ्या मुलाला कोणते औषध द्यायचे हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. ते त्याच्यापर्यंत का पोचत नाही, हे कळल्याशिवाय ते ज्ञान अपुरेच राहते. यासाठी एक जुने उदाहरण पाहू. ते बियाफ्राचे. आज युद्धातल्या मदतीवरून जे वाद होतात, ते जवळजवळ सगळे तेथे एकदा होऊन गेले आहेत.

नायजेरिया हा आफ्रिकेतील मोठा देश १९६० मध्ये स्वतंत्र झाला. १९६६ मध्ये त्याच्या उत्तर भागात इग्बो जमातीच्या लोकांच्या भीषण कत्तली झाल्या. जे वाचले ते आपल्या मूळ पूर्व भागाकडे पळाले. ३० मे १९६७ रोजी लेफ्टनंट कर्नल ओजुक्वू यांनी हा पूर्व भाग बियाफ्रा नावाचे स्वतंत्र राष्ट्र झाल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारचे प्रमुख याकुबू गोवन यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. जुलैत लढाई सुरू झाली. १९६८ च्या मे महिन्यात पोर्ट हारकोर्ट हे बंदर सरकारी फौजेने घेतले आणि बियाफ्राचा समुद्राशी संबंध तुटला.

आता वैद्यकीय भाग पाहा. या भागातले मुख्य अन्न म्हणजे कोनफळाच्या जातीचा याम आणि कसावा, म्हणजे आपला साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद. यांत पिष्ट भरपूर, प्रथिने जेमतेम. प्रथिने येत ती बाहेरून: उत्तरेकडची गुरे आणि नॉर्वेहून येणारा वाळवलेला कॉड मासा. उत्तर शत्रूची झाली, बंदर गेले, आणि ताटात उरला कसावा. आपल्याकडे कोणी मुलाला साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याच्या कुटाशिवाय, महिनोन् महिने दोन्ही वेळा घातली तर काय होईल? बियाफ्रात तेच लाखो मुलांचे झाले, आणि पुढे पुढे तो कसावाही पुरेसा मिळेना.

त्यातून जो आजार पसरला त्याला क्वाशिओरकोर म्हणतात, मराठीत सुजवटी. १९३० च्या दशकात तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी त्याचे वर्णन केले. नाव तेथल्याच गा भाषेतले आहे. दुसरे बाळ आले, की अंगावरचे दूध तुटलेल्या पहिल्या बाळाला जडणारे दुखणे, असा त्याचा अर्थ. सुकटी झालेले मूल हाडांचा सापळा दिसते, त्यामुळे कोणाच्याही लक्षात येते. सुजवटीचे मूल मात्र फसवते. चेहरा गोल, पोट मोठे, पाय भरलेले. त्या पायावर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही. केस तांबूस आणि विरळ होतात, कातडीचे पापुद्रे सुटतात. मूल किरकिरे होते आणि मुख्य म्हणजे त्याची भूकच मरते. फक्त प्रथिनांच्या अभावाने हे होते असे पूर्वी मानत. आज कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत असे दिसते आणि ती सगळी अजून उलगडलेली नाहीत. अशा मुलाला गोवर झाला तर तो सहज जिवावर बेतू शकतो.

१९६८ च्या उन्हाळ्यात या मुलांची छायाचित्रे युरोपच्या वर्तमानपत्रांत आली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. वादालाही तेथूनच तोंड फुटले.

गोवन सरकारचे म्हणणे असे, की मदतीला आमची ना नाही. पण ती आमच्या हद्दीतून, आम्ही तपासून, जमिनीच्या रस्त्याने जाईल. विमानेच हवी असतील तर ती दिवसा उडतील आणि वाटेत तपासणीसाठी उतरतील. यामागे कारण होते. बियाफ्रात येणारी शस्त्रे उली येथील धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात उतरत आणि मदतीची विमानेही तेथेच, त्याच अंधारात उतरत. आकाशात कोणते विमान दुधाच्या भुकटीचे आणि कोणते काडतुसांचे, हे सरकारी वैमानिकाने ओळखायचे कसे? (उलीची धावपट्टी म्हणजे रुंद केलेला एक हमरस्ता होता. विमान अगदी जवळ आले की तेवढ्यापुरते दिवे लागत.) हा युक्तिवाद ऐकायला रास्त आहे. मात्र उपासमार हेही युद्धाचे एक हत्यारच आहे, असे त्याच सरकारातील बड्या मंडळींनी उघडपणे म्हटले होते, हे विसरता येत नाही.

ओजुक्वूंनी जमिनीचा रस्ता नाकारला. धान्याच्या ट्रकसाठी खंदक बुजवले आणि पूल बांधले, की त्यावरून उद्या रणगाडे येतील, असे त्यांचे म्हणणे. शत्रूच्या हातून आलेल्या अन्नात विष असेल अशी भीती लोकांतही होती. कत्तलीतून वाचून आलेल्या माणसांना ती वाटणे स्वाभाविक होते. दिवसाची विमानेही त्यांना नको होती, कारण दिवसा धावपट्टी उघडी पडली असती आणि शस्त्रांच्या विमानांचा आडोसा गेला असता. शिवाय जिनिव्हातील एका प्रसिद्धी संस्थेमार्फत बियाफ्राची बाजू जगापुढे मांडली जात होती आणि उपाशी मुलांच्या चित्रांनी बियाफ्राला जी सहानुभूती मिळाली, ती तोफांनी मिळाली नसती. कटू असले तरी हे खरे आहे.

थोडक्यात, मुलांना अन्न देऊ नये असे तोंडाने कोणीच म्हणत नव्हते. भांडण होते ते रस्ता कोणाचा, गोणी कोण उघडून पाहणार आणि ती कोणाच्या हातून वाटली जाणार, यावर.

दरम्यान चर्चच्या संस्थांनी एकत्र येऊन रात्रीची विमाने सुरू ठेवली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील साव तोमे बेटावरून ती उडत. सुमारे वीस महिन्यांत पाच हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि ६०,००० टनांच्या आसपास माल पोचला. ही धाडसाची गोष्ट होती. काही वैमानिकांचे प्राणही त्यात गेले. परंतु भावना बाजूला ठेवून हिशेब करू. माणसाला दिवसाला सुमारे २,१०० उष्मांक लागतात, म्हणजे कोरडा शिधा साधारण अर्धा किलो. साठ हजार टनांना सहाशे रात्रींनी भागले तर रात्रीला शंभर टन येतात. त्यावर पोट भरते दोन लाख माणसांचे. वेढ्यात अडकलेली माणसे दशलक्षांत मोजावी लागत. रेडक्रॉसच्या विमानांनी यात भर घातली, तरीही ताळमेळ बसत नाही. शंभर टन म्हणजे दहा टनांचे अवघे दहा ट्रक! विमानातून टाकलेल्या मदतीची छायाचित्रे चांगली येतात, पण लोकसंख्येला जगवायचे तर रस्ता किंवा बंदरच लागते.

आपल्या देशाचेच उदाहरण घ्या. ३ जून १९८७ रोजी वेढलेल्या जाफन्यासाठी रामेश्वरमहून मदतीच्या होड्या निघाल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या पाच आंतोनोव्ह विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन सामान टाकले. वरच्या हिशेबाने ते पन्नास हजार माणसांचे एका दिवसाचे जेवण. त्यातून कोलंबोला द्यायचा तो संदेश नक्की पोचला. श्रीलंका सरकारने हा आपल्या सार्वभौमत्वाचा भंग असल्याचे म्हटले.

बियाफ्रात ५ जून १९६९ रोजी सरकारी लढाऊ विमानाने रेडक्रॉसचे एक मदत विमान पाडले. रेडक्रॉसने उड्डाणे थांबवली. सप्टेंबरमध्ये तिने दिवसाच्या उड्डाणांसाठी नायजेरियाशी करार केला, तर तो ओजुक्वूंनी फेटाळला. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. त्यांतले बहुसंख्य गोळीने नव्हे, भुकेने आणि रोगाने गेले. ज्या संस्थांनी बियाफ्राला विमाने पाठवली, त्यांना गोवन यांनी युद्धानंतरच्या मदतकार्यात येऊ दिले नाही.

या मदतीमुळेच युद्ध लांबले, असाही आक्षेप पुढे अनेक अभ्यासकांनी घेतला. मदतसंस्था स्थानिक खर्चासाठी जे परकीय चलन देत ते ओजुक्वूंच्या तिजोरीत पडे, हा त्यातला मुख्य मुद्दा. तो खोडून काढणे सोपे नाही. पण समोर सुजलेले मूल असताना डॉक्टरने हा हिशेब करत बसावे, हे मला पटत नाही. तो हिशेब ज्यांच्या हाती बंदुका होत्या त्यांनी करायचा होता. तेथे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांपुढे वेगळाच पेच होता: रेडक्रॉसच्या शिस्तीप्रमाणे पाहिलेले गुपचूप ठेवायचे, की जगाला सांगायचे? बर्नार कुशनेर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी बोलायचे ठरवले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेदसां सां फ्रोंतिएर’ या संस्थेचे मूळ येथे आहे. तिला १९९९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक गोष्ट त्या युद्धातून निघाली. शेकडो मुलांतून सर्वांत अशक्त मूल पटकन कसे निवडायचे? वजनकाटे कमी, वयाची नोंद नाही. क्वेकर पंथीयांच्या मदत पथकाने एक काठी केली. मुलाची उंची त्या काठीवर पाहायची आणि दंडाचा घेर तेवढ्या उंचीला पुरेसा आहे का ते खुणेवरून ताडायचे. आज अंगणवाडीत दंडाभोवती लावतात ती तिरंगी पट्टी याच कुळातली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. दोन्ही पावलांवर सूज असेल तर मात्र पट्टी काहीही दाखवो, मूल तीव्र कुपोषितच समजायचे.

अशा मुलाला एकदम पोटभर जेवू घालणे धोक्याचे असते. उपाशी शरीरातले पोटॅशियम, फॉस्फेट हे क्षार आटलेले असतात. अचानक भरपूर अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट आणखी खाली येते, अंगात पाणी साठते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पातळ दूध, १०० मिलिलिटरला ७५ उष्मांकांचे, द्यायचे असते. भूक परत आली की मगच वाढवायचे. त्यासाठी उकळलेले पाणी, ते उकळायला इंधन आणि रात्री उठून पाजणारी शिकलेली नर्स लागते. आणि इंधन हीच प्रत्येक युद्धात अडवली जाणारी वस्तू, कारण ते रणगाड्यालाही चालते. १९६९ च्या सुरुवातीस इक्वेटोरियल गिनीने आपल्या बेटावरून रेडक्रॉसला डिझेल नेऊ दिले नव्हते. १९९६ मध्ये आंद्रे ब्रियां या फ्रेंच तज्ज्ञाने शेंगदाण्याच्या लगद्याची तयार पाकिटे काढली, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली. त्यांत पाणी घालावे लागत नाही, शिजवावे लागत नाही आणि एका पाकिटात ५०० उष्मांक असतात. ज्या मुलाची भूक शाबूत आहे त्याच्यावर आता घरीच उपचार होऊ शकतात.

कायद्याचेही सांगायला हवे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्यासाठीच्या अन्नाला वाट देण्याचे बंधन घातले. पण माल शत्रूच्या हाती पडण्याची भीती असेल तर नकार देण्याची मुभाही ठेवली, आणि देशांतर्गत युद्धाला ते कलम लागू नव्हते. नागरिकांना उपाशी ठेवण्यावर स्पष्ट बंदी आली ती १९७७ च्या पुरवणी करारांनी. १९९८ च्या रोम कराराने तो आंतरराष्ट्रीय युद्धांत गुन्हा ठरला, आणि अंतर्गत युद्धांसाठी हे व्हायला २०१९ उजाडले. भारत १९४९ च्या करारांत आहे, पुरवणी करारांत व रोम करारात नाही. अर्थात कायदा झाला तरी मदतीला त्या त्या सरकारची संमती लागतेच, आणि घोडे तेथेच पेंड खाते.

तरीही लढणाऱ्यांचे कधी एकमत होतच नाही असे नाही. एल साल्वादोरमध्ये १९८५ पासून यादवी संपेपर्यंत दरवर्षी काही ठरावीक दिवस बंदुका थांबवून मुलांना लसी दिल्या गेल्या. गाझात २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला. सप्टेंबरमध्ये एकेका भागात काही तासांचा विराम ठरवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस पाजले गेले. लस जाते आणि पीठ अडते, याचे कारण उघड आहे. पोलिओच्या दोन थेंबांवर सैनिक पोसता येत नाही, काम काही दिवसांत संपते आणि विषाणू सरहद्द ओळखत नसल्याने त्याची धास्ती दोन्ही बाजूंना असते. पिठाची गोणी मात्र सैनिकाचेही पोट भरते. पण लसीचा समझोताही फार काळ टिकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर गाझातली दुसरी फेरी बाँबहल्ल्यांमुळे पुढे ढकलावी लागली. २ नोव्हेंबरला ती सुरू झाली तेव्हा विराम फक्त गाझा शहरापुरताच होता, आणि त्याबाहेरच्या हजारो मुलांपर्यंत डोस पोचले नाहीत.