सेवेची दुसरी फेरी

मृगाच्या सरी पडून गेल्या आणि शाळांच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या, की आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी एक छापील पत्रिका हाती येते. अलीकडे ती मोबाइलवरही येते. मजकूर मात्र तोच असतो. गावातील सेवाभावी क्लबाच्या नव्या वर्षाचे कार्यक्रम तीत क्रमवार दिलेले असतात. पहिल्या आठवड्यात नव्या अध्यक्षांचा व कार्यकारिणीचा पदग्रहण समारंभ, दुसऱ्या आठवड्यात वृक्षारोपण, तिसऱ्यात गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप, स्वातंत्र्यदिनी रक्तदान, पुढे मधुमेहावर एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान, दिवाळीनंतर नेत्रतपासणी शिबिर आणि अधूनमधून नित्याच्या बैठका.

शिक्षक म्हणून माझा या पत्रिकेशी अनेक वर्षे संबंध आला. तिच्याकडे पाहून नाक मुरडणारे लोक गावोगाव भेटतात. ‘जेवणावळी आणि फोटो, दुसरे काय?’ असा त्यांचा एका वाक्याचा निकाल असतो. हा निकाल सोपा आहे. पण तो न्याय्य नाही. आपापला धंदा सांभाळून काही माणसे नेमाने एकत्र बसतात, खिशातले पैसे काढतात आणि परक्याच्या अडचणीचा विचार करतात, ही गोष्ट आपल्या समाजात इतकी विपुल नाही की तिची थट्टा परवडावी. तथापि या पत्रिकेत एक उणीव मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. तीत पुढच्या वर्षी काय करणार हे सारे असते. मागच्या वर्षी केलेल्या कामाचे काय झाले, हे पाहायला कोणत्या तारखेला जाणार, ते मात्र नसते.

शिकागोतील चौघे

या चळवळीचा उगम पाहिला म्हणजे ही उणीव तिच्या रक्तातली नव्हे, हे ध्यानात येते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक असे चौघे एका कचेरीत जमले. मोठ्या शहरात आलेल्या एकाकी माणसांना स्नेही मिळावेत, एवढाच प्रारंभीचा हेतू होता. बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. लोककार्याचा विचार नंतर आला. त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे लोकोपयोगी काम होते शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारण्याचे! त्यासाठी नगरपालिकेकडे आणि इतर संस्थांकडे त्यांना चिकाटीने पाठपुरावा करावा लागला. ज्या कामाची फीत कापायला कोणी मान्यवर सहसा उत्सुक नसतो, अशा कामाने या चळवळीच्या सेवाकार्याचा प्रारंभ झाला, ही गोष्ट आजच्या कार्यकारिणींनी विसरू नये.

त्याच शहरात १९१७ साली मेल्विन जोन्स या विमाव्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. १९२५ साली हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांच्या कामासाठी आवाहन केले आणि नेत्रसेवा ही त्या संघटनेची ओळखच बनली. आपल्याकडे रोटरीचा पहिला क्लब कलकत्त्याला निघाला, मुंबईचा १९२९ साली. लायन्स १९५६ साली मुंबईत आले. पुढच्या काही दशकांत हे लोण जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. प्रारंभी ही पुरुषांचीच मिरास होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिल्यानंतरच रोटरीचे दार स्त्रियांना उघडले, आणि १९८९ साली तसा बदल तिच्या घटनेत झाला. सेवेच्या नावाने जमणाऱ्यांनाही आपले दोष दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागतात, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

१९०५ हे साल आपल्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी १२ जून रोजी नामदार गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या समाजाच्या सभासदाने जुजबी वेतनावर सारे आयुष्य देशकार्याला वाहायचे असे. क्लबाचा सभासद आयुष्य देत नाही. आठवड्यातले काही तास आणि मिळकतीतला काही अंश देतो. या दोहोंची तुलना करून दुसऱ्याला हिणवणे योग्य नव्हे. आयुष्य वाहणारे थोडेच असणार. काही तास देऊ शकणारे पुष्कळ आहेत. प्रश्न एवढाच, की हे काही तास कशासाठी खर्चायचे?

एका वर्षाचे राज्य

या क्लबांच्या घटनेत एक शहाणपण आहे आणि त्याच शहाणपणात एक खोच आहे. रोटरीत अध्यक्ष एका वर्षाचा; १ जुलैला तो खुर्चीवर येतो आणि पुढच्या ३० जूनला उतरतो. सत्ता एका हाती साचू नये म्हणून हा नियम उत्तम. खुर्चीला चिकटून राहिलेल्या अध्यक्षांमुळे आपल्या किती पतसंस्था आणि किती शिक्षणसंस्था नासल्या, हे सांगायला नको. परंतु वर्ष संपायच्या आत आपल्या नावावर काही तरी नवे जमा व्हावे, ही इच्छा याच नियमातून जन्मते. मागच्या अध्यक्षाने सुरू केलेले काम चालू ठेवण्यात नव्याला कीर्ती नाही. त्यामुळे दर जुलैत नवा फलक, नवा उपक्रम, नवे छायाचित्र! गरज मात्र ३० जूनला संपत नाही. तहान, अंधत्व आणि शाळेची फी यांना क्लबाचे वर्ष ठाऊक नसते.

आमच्या शाळेतला अनुभव सांगतो. एका क्लबाने शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले. समारंभ नेटका झाला. भाषणे थोडक्यात आटोपली. मुलांनी टाळ्या मनापासून वाजवल्या. आठ-नऊ महिन्यांनी यंत्रातली गाळणी बदलायची वेळ आली. ती विकत घ्यायला शाळेच्या अनुदानात तरतूद नव्हती, आणि क्लबाकडे विचारणा केली तेव्हा अध्यक्ष बदललेले होते. नव्या अध्यक्षांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की यंदाचा भर वृक्षारोपणावर आहे. यंत्र बंद पडले. त्यावरची देणगीदारांच्या नावांची पाटी मात्र पुढे कित्येक वर्षे चकाकत होती. मुले पूर्वीसारखीच नळाला ओंजळ लावू लागली. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच ते अधिक खेदजनक वाटते. वृक्षारोपणाबद्दल तर बोलायलाच नको. गेल्या वर्षीच्या खड्ड्यातच यंदाचे रोप लावावे लागते, हा विनोद गावोगाव ऐकू येतो आणि तो पुष्कळदा खराही असतो.

दुसरी आठवण याहून नाजूक आहे. वह्यावाटपासाठी वर्गावर्गातून नावे द्यावी लागत. नाव पुकारले की मुलाने व्यासपीठावर यावे, वह्या दोन्ही हातांनी घ्याव्यात आणि छायाचित्र होईपर्यंत तसेच उभे राहावे, असा शिरस्ता होता. एका वर्षी हजेरीपट चाळताना माझ्या लक्षात आले, की सहसा गैरहजर न राहणारी एक हुशार मुलगी नेमकी वाटपाच्या दिवशी आली नव्हती. मागच्या वर्षाचा हजेरीपट काढला; तेव्हाही तोच दिवस गैरहजेरीचा! वह्यांची गरज तिला होती. सगळ्या शाळेसमोर गरीब म्हणून पुकारले जाण्याची नव्हती. त्यानंतर आम्ही वह्या शाळेच्या भांडारात ठेवून घेतल्या आणि लागतील तशा मुकाट्याने दिल्या. क्लबाच्या सचिवांना ही गोष्ट समजावून सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘गुरुजी, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.’ ते खरे बोलत होते. परत येऊन विचारले नाही, तर ध्यानात येणार तरी कसे?

पोलिओचा धडा

आता याच चळवळीने केलेल्या एका कामाकडे पाहू. १९७९ साली रोटरीने फिलिपाइन्समधील मुलांना पोलिओची लस पाजण्याचे काम अंगावर घेतले. १९८५ साली जगातून हा रोग हटवण्याचा संकल्प सोडला. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्था मिळून जगभरची मोहीम सुरू झाली, तेव्हा दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत होती. भारतात १९९५ साली पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. ते रविवार या लेखाच्या अनेक वाचकांना आठवत असतील. कारण शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसणारे, बाळाच्या करंगळीवर शाईची खूण करणारे आणि दुसऱ्या दिवसापासून राहिलेली घरे धुंडाळणारे हात बहुतांशी शिक्षकांचे, अंगणवाडी सेविकांचे आणि सरकारी कर्मचाऱ्यांचेच होते. क्लबांचे सभासद त्यांच्या जोडीला आले. कोणी वाहन दिले, कोणी फलक रंगवून दिले, कोणी केंद्रावर बसणाऱ्यांना डबा पोहोचवला. उत्तर प्रदेशात लसीबद्दल गैरसमज पसरले तेव्हा रोटरीने मुस्लिम धर्मगुरूंना सोबत घेऊन घरोघरची शंका दूर करण्याचे काम केले.

या कामाचे मर्म काय होते? एकदा लस पाजून भागत नव्हते. त्याच घरी, त्याच बाळासाठी पुन्हा पुन्हा जावे लागत होते. २००९ साली देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला. २०१० साली ही संख्या ४२ वर आली. आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेली रुग्ण ही शेवटची ठरली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. १९८५ पासून या दिवसापर्यंत गावोगावच्या क्लबांत दर वर्षाला एक याप्रमाणे अध्यक्ष आले आणि गेले. काम तेच राहिले. ‘यंदाचा भर दुसऱ्या विषयावर आहे’ असे म्हणण्याची मुभा त्यात कोणालाच नव्हती. एका वर्षाचे राज्य असूनही अनेक दशकांचे काम करता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

शिबिर संपल्यानंतर

हाच निकष नेत्रशिबिराला लावून पाहावा. पूर्वी शाळांच्या खोल्यांत आणि मांडवांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. त्यातला जंतुसंसर्गाचा धोका उमगल्यावर ती पद्धत मागे पडली. आता गावात तपासणी करायची, रुग्णांना बसने रुग्णालयात न्यायचे, तेथील शस्त्रक्रियागृहात भिंग बसवायचे आणि परत आणून सोडायचे, ही रीत रूढ झाली आहे. ही सुधारणा मोठीच आहे. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात. पुन्हा तपासणीला जावे लागते. गरज असेल तर चष्मा घ्यावा लागतो. सत्तर वर्षांच्या आजींना त्या तपासणीला नेणार कोण? मुलगा गेला तर त्याची रोजंदारी बुडते, सून गेली तर घरचे आणि शेतातले काम खोळंबते, आणि एस.टी.चे भाडे वेगळेच. शिबिराच्या दिवशीची बस क्लबाने दिली, तशीच महिन्याभराने दुसरी बस दिली, तर खर्च थोडाच वाढेल. पण त्या दुसऱ्या बसला हिरवा झेंडा दाखवायला पाहुणे येणार नाहीत, आणि बहुधा म्हणूनच ती निघत नाही.

यासाठी क्लबाला फार मोठी क्रांती करावी लागणार नाही. एवढेच करावे: वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत दर तीन महिन्यांतून एक बैठक मागल्या कामासाठी राखून ठेवावी. त्या दिवशी व्याख्यान नको, सत्कार नको. ज्या शाळेला यंत्र दिले तिचे मुख्याध्यापक, ज्या वस्तीत शिबिर घेतले तेथील आरोग्यसेविका, ज्यांनी रोपे सांभाळायचे कबूल केले ते ग्रामस्थ यांना बोलवावे किंवा त्यांच्याकडे जावे आणि विचारावे, ‘आम्ही दिले त्याचे काय झाले?’ मावळत्या अध्यक्षाने आपल्या जमाखर्चाबरोबर चालू ठेवायच्या कामांची यादी नव्याच्या हाती द्यावी, आणि नव्याने तिच्यावर सही करूनच पदाची सूत्रे घ्यावीत. नव्या उपक्रमाच्या निधीतला काही भाग दुरुस्तीसाठी अगोदरच बाजूला काढावा.

बैठकांची संख्या कमी करण्याकडे आता कल आहे. २०१६ सालापासून रोटरी क्लबांना दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा भेटण्याचीही मोकळीक मिळाली. धावपळीच्या काळात ते स्वाभाविक आहे. तरीही मला वाटते, की या चळवळीचे खरे बळ देणग्यांत नसून नेमाने भेटण्यात होते. मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून आपल्या नफ्यातला काही हिस्सा समाजकार्यावर खर्च करणे कायद्यानेच बंधनकारक झाले आहे. पैशाच्या बाबतीत तालुक्याचा क्लब त्यांची बरोबरी करू शकणार नाही. पण कंपनी गावात राहत नाही. क्लबाचा सभासद राहतो. शाळेवरून त्याचा रोजचा रस्ता जातो, त्याच्या दुकानात त्या आजींचा मुलगा येतो. पुन्हा जाऊन पाहणे त्याला जितके सोपे, तितके दुसऱ्या कोणालाही नाही.

आणि आपण, घेणाऱ्यांच्या बाजूने उभे राहणारे शिक्षक व कर्मचारी, आपणही निर्दोष नाही. यंत्र बंद पडल्यावर एक पत्र टाकून मी स्वस्थ बसलो. दुसरे टाकले नाही. देणाऱ्याला अडचण सांगणे म्हणजे कृतघ्नपणा, असा एक चुकीचा संकोच आपल्यात असतो. तो सोडला पाहिजे. यंदाची पत्रिका आली आहे. पदग्रहणाला मीही जाणार आहे. हार-तुरे झाल्यावर नव्या अध्यक्षांचे अभिनंदन करीन आणि एवढेच विचारीन, ‘आमच्या शाळेतले ते यंत्र पाहायला आपण कधी येता?’