जॅमच्या बिस्किटाची पंगत

ब्रिटानियाच्या जिम जॅमची रचना साधी आहे: दोन बिस्किटं, मधे क्रीम, वरच्या बिस्किटाच्या भोकात लाल जॅम आणि वर साखरेचे दाणे. याच जातीच्या जॅमी डॉजर या ब्रिटिश बिस्किटाला २०१० मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेत भूमिकाच मिळाली. नायकाने ते बिस्किट आपलं यान उडवून देणारं बटण म्हणून शत्रूंपुढे धरलं. आपल्याकडे जिम जॅमला असं भाग्य लाभलं नाही. तरी लोकसंस्कृतीत त्याला जागा आहे आणि ती वाटून खाण्यात आहे.

या जागेचं मोल १८९० सालच्या पुण्यात कळतं. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं छापून आणली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर काढण्याचा वाद, उभं राहिलं आणि अखेर रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. वाद चवीचा नव्हता, कुणाच्या घरचं आणि कुणाच्या हातचं, याचा होता. पुढे १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या पार्ले कंपनीचं ग्लुकोज बिस्किट घरोघरी शिरलं, पण भूक भागवणारं, ताकद देणारं म्हणून. जॅमच्या बिस्किटाला असली सबब लागत नाही. ते निव्वळ आवडीने खाल्लं जातं.

म्हणूनच मुंबईजवळच्या मीरा रोडच्या नया नगरसारख्या मुस्लीमबहुल वस्तीत आणि भोवतालच्या मराठी, गुजराती, मारवाडी घरांत या पुड्याचा अर्थ मोठा होतो. बेकरीतली नानखटाई घेताना तूप कुठलं, अंडं आहे का, असं विचारणारे आजही आहेत. पुड्यावरचा हिरवा ठिपका माल शाकाहारी असल्याचं आधीच सांगतो. मुलांना तर तोही पाहायची गरज वाटत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हा मैदा-साखरेचा माल कंपन्या जाहिरातींच्या जोरावर खपवतात. ते खरं आहे, आणि हे रोजचं खाणं होऊ नये. पण जाहिरात पुडा विकते, तो फोडून कुणाला द्यायचा हे खाणारा ठरवतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: न विचारता खाण्यामागचा विश्वास कारखान्यावरचा आहे, शेजाऱ्यावरचा नाही. तेही मान्य. बिस्किटाने धर्मांमधली तेढ मिटत नाही. मात्र ज्या समाजात एका चहापानावरून विद्वानांची चौकशी झाली, तिथे वेगवेगळ्या घरांतली मुलं एकाच पुड्यातून न विचारता खातात, हा बदल खरा आहे. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत तो न्यायचं काम मोठ्यांचं आहे.