फोटोतला चेहरा काळवंडतो का? उजेडाचे माप आपल्याच हाती!

चैत्र-वैशाख आला की लासलगावात दोन गोष्टींची एकदमच घाई उडते. शेतातून उन्हाळ कांदा निघतो आणि पंचांगातून लग्नाचे मुहूर्त निघतात. बाजार समितीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या रांगा आणि दारोदारी मांडव! अशा दिवसांत घराघरांतून मोबाइल बाहेर येतात आणि फोटोंचा नुसता पाऊस पडतो. पूर्वी एका रोलमध्ये ३६ फोटो निघत, म्हणून हात आखडता असे. आता एका साखरपुड्याला तीनशे निघाले तरी कुणाला त्याचे काही वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, पाहुणे पांगल्यावर ते फोटो जरा निवांत पाहायला घ्या. शालूची जर लखलखते आहे, मागची चुन्याची भिंत स्वच्छ दिसते आहे, मांडवाबाहेरचे ऊन तर डोळ्यांवर येते आहे. आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या मुलीचा चेहरा मात्र काळवंडलेला! मग कुणीतरी पटकन बोलून जातेच, "रंगच सावळा ना तिचा, फोटोत असाच यायचा."

हे वाक्य ती मुलगी ऐकत असते, बरं का. आणि ते खरंही नसतं. दोष तिच्या रंगाचा नसून उजेडाच्या मापाचा असतो. या मापालाच एक्स्पोजर म्हणतात. ते समजून घ्यायला महागडा कॅमेरा लागत नाही आणि इंग्रजी पुस्तकही लागत नाही. भाजीत मीठ किती, हे जिला कळते तिला हे सहज कळेल.

आधी एक प्रयोग करा

घरातला एक लाल कांदा घ्या. लासलगावात त्याला तोटा नाही! सावलीत, ओट्यावर पांढरा पंचा पसरून त्यावर तो ठेवा आणि वरून फोटो काढा. पंचा फोटोभर दिसू द्या. मग तोच कांदा त्याच जागी काळ्या कापडावर ठेवून दुसरा फोटो काढा. आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहा. पांढऱ्यावरचा कांदा काळपट दिसेल, काळ्यावरचा फिकट गुलाबी. नव्या मोबाइलवर फरक थोडा कमी पडेल, कारण ते बरेच सांभाळून घेतात; पण पडेल.

कांदा तोच, जागा तीच, उजेडही तोच. बदलले ते फक्त खालचे कापड. मग असे का व्हावे?

कारण कॅमेरा भाबडा असतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही, उजेड किती परत येतो आहे एवढेच कळते. जगातली प्रत्येक वस्तू सरासरीने मधल्या राखाडी रंगाची, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारी, असे त्याने गृहीत धरलेले असते. समोर भरपूर पांढरे आले की त्याला वाटते, उजेड फारच झाला! तो उजेड कमी करतो आणि पांढऱ्याबरोबर कांदाही अंधारात जातो. समोर काळे आले की उलट होते.

आता कांद्याच्या जागी नवरी मुलगी आणि पंच्याच्या जागी पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे घातलेली काकामंडळी उभी करा. कळले ना चेहरा का काळवंडतो ते?

म्हणून पहिला नियम असा : चौकटीत पांढरे जास्त असेल तर उजेड वाढवा, काळे जास्त असेल तर कमी करा. ऐकायला उलटे वाटते, पण बरोबर आहे.

ही गोष्ट जुनीच आहे

हा प्रश्न काही आपल्याच घरचा नाही. रंगीत फोटोंच्या जमान्यात, १९५० च्या दशकापासून, अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या दुकानांना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोऱ्या बाईचे चित्र असे आणि तिची कांती ठीक उतरली की रंग जुळले, असे धरले जाई. काळ्या-सावळ्या माणसांचे काय होई, याची फारशी कुणी पर्वा केली नाही. गंमत अशी की, तक्रारीकडे लक्ष गेले ते लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांमुळे; त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट उतरत नव्हत्या! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडले. मोबाइलमध्ये सावळी कांती खरी उतरावी म्हणून गुगलने 'रिअल टोन' नावाने काम पुढे आणले ते २०२१ साली.

तेव्हा "फोटोत असाच यायचा" म्हणण्याआधी थोडे थांबा. कसूर यंत्राची असते आणि बोल पोरीला लागतो.

नळ, कळशी आणि रेडिओ

उजेड कमी-जास्त करायच्या तीन चाव्या आहेत.

पहिली अ‍ॅपर्चर. हा नळ समजा. तोटी जास्त उघडली की पाणी जास्त. कॅमेऱ्यावर तिचे आकडे असे असतात : २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तसे भोक लहान, आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला उजेड निम्मा. बहुतेक मोबाइलमध्ये ही तोटी कायमची एकाच मापाची असते.

दुसरी शटर. नळ किती वेळ उघडा ठेवला, ते हे. सेकंदाचा १/६० भाग ठेवला तर शांत बसलेल्या आजीचा फोटो नीट येतो. अंगणात धावणाऱ्या नातवाला १/२५० हवे आणि अक्षता हवेत असताना टिपायच्या तर १/५००. वेळ कमी तसा उजेडही कमी, हे ओघाने आलेच.

तिसरी आयएसओ. नळाला धारच नाही, मग काय करायचे? इथे रेडिओ आठवा. लांबचे स्टेशन बारीक लागले की आपण आवाज वाढवतो, पण गाण्याबरोबर खरखरही वाढते. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो आणि त्यावर रव्यासारखे दाणे दिसू लागतात. म्हणून उन्हात १००, खोलीत ४०० ते ८००, आणि रात्रीच्या मांडवात १६०० किंवा ३२००, असे गरजेपुरतेच वाढवत जावे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

कळशी काठोकाठ भरली की झाले. वरून वाहिले तर ते पाणी गेलेच! फोटोतही तसेच. उजेड फार झाला की शालूची जर, मोगऱ्याचा गजरा पांढराफटक पडतो आणि त्यातले बारकावे नंतर कितीही खटपट केली तरी परत येत नाहीत. थोडा काळोख झाला असेल तर तो मात्र पुढे काही प्रमाणात उजळता येतो. म्हणून चमकदार कापडाच्या बाबतीत हात जरा राखूनच.

मोबाइलवर काय करायचे?

"अहो, पण आमच्या मोबाइलला या चाव्या कुठे आहेत?" असे तुम्ही विचाराल. आहेत, फक्त लपलेल्या आहेत. पडद्यावर मुलीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. कॅमेरा आता तिच्या चेहऱ्याप्रमाणे उजेड मोजेल. बहुतेक मोबाइलवर बाजूला छोटा सूर्य किंवा पट्टी दिसते. बोट वर सरकवले की उजेड वाढतो, खाली आणले की कमी होतो. बोट थोडा वेळ दाबून धरले की पुष्कळ मोबाइलवर माप कुलूपबंद होते. मग मागून कुणी पांढऱ्या सदऱ्यातले काका गेले तरी चेहरा बदलत नाही.

मोठ्या कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. अधिक १ म्हणजे उजेड दुप्पट, उणे १ म्हणजे निम्मा. पांढऱ्या टोप्यांच्या घोळक्यात अधिक १ पासून सुरुवात करून पाहा.

एक मात्र सांगून ठेवते. उजेड वाढवणे आणि गोरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहरा गुळगुळीत गोरा करणारी सोय मोबाइलमध्ये असते. तिच्या वाटेला जाऊ नका. सावळी मुलगी फोटोत सावळीच दिसावी, पण तिचे डोळे, तिचे हसू, गालावरची खळी सगळे दिसावे. बरोबर माप ते हेच.

भर उन्हात

वैशाखातले बाराचे ऊन डोक्यावरून पडते. कपाळ आणि नाक चमकते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. रोलच्या काळातला एक ठोकताळा अजून खरा आहे : लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवावे आणि शटर आयएसओइतके, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत आलात तर अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ४.

पण आकड्यांपेक्षा जागा महत्त्वाची. मंडळींना उन्हातून काढून ओसरीच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून उभे करा. लाल-हिरव्या मांडवाखाली शक्यतो नको, नाहीतर कापडाचा रंग सगळ्यांच्या गालांवर उतरतो.

उन्हातच काढायचा असेल तर एक घरगुती उपाय सांगते. पांढरी स्वच्छ चादर घ्या, दोघींनी दोन टोके धरा आणि चेहऱ्याची जी बाजू अंधारात आहे तिच्यासमोर, चौकटीबाहेर, उभ्या राहा. चादरीवरचे ऊन परतून चेहऱ्यावर येते. रंगीत चादर मात्र चालणार नाही.

हा उपाय आपल्याच जिल्ह्याशी नाते सांगणारा आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवीत, असे सांगतात. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणे, हेही त्यांच्याच अंगावर असे. पडद्यावरचे चेहरे उजळले त्यात या माउलीचे हात होते, हे विसरू नये.

घरात आणि रात्री

घरात सर्वांत चांगला दिवा म्हणजे खिडकी. पण बहुतेक वेळा माणसाला खिडकीसमोर, पाठ तिच्याकडे करून बसवले जाते आणि चेहरा कोळसा होतो. खुर्ची फिरवा. खिडकी एका बाजूला किंवा समोर येऊ द्या.

ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात ना? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. काही साध्या एलईडी दिव्यांचेही तेच. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे जातात.

रात्रीच्या स्टेजवर मागे काळोख असतो, म्हणून कॅमेरा उजेड वाढवत सुटतो आणि हळदीचे चेहरे पांढरेफटक पडतात. तिथे सूर्य थोडा खाली ओढा. मोबाइलचा फ्लॅश चार-पाच हातांपलीकडे फारसा पोचत नाही. लांबच्या स्टेजसाठी तो बंदच ठेवा.

कापून ठेवावे असे

• चौकटीत पांढरे फार : उजेड वाढवा. काळे फार : कमी करा.
• बोट नेहमी चेहऱ्यावर टेकवा, आकाशावर किंवा भिंतीवर नाही.
• जर, गजरा, पांढरे पातळ : पांढरेफटक पडत नाही ना, ते फोटो मोठा करून तिथल्या तिथे पाहा.
• महत्त्वाचा फोटो तीनदा काढा : एक कॅमेरा सांगेल तसा, एक थोडा उजळ, एक थोडा गडद.
• व्यापाऱ्याला किंवा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना कांद्याचा फोटो पाठवायचा तर सावलीत, गोणपाटावर ठेवून काढा. चांगल्या मालावर फोटोत उगीच काजळी दिसायला नको.
• लेन्स पदराने नको, मऊ स्वच्छ कापडाने पुसा. पिठाचा हात लागलेली लेन्स सगळे धुरकट करते.

मग 'बरोबर' माप कोणते?

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सगळेच काही एका फोटोत मावत नाही. आजी खिडकीत बसली आहे, बाहेर द्राक्षाचा मळा उन्हात झळकतो आहे. मळा नीट हवा तर आजी काळी होईल. आजी नीट हवी तर मळा पांढरा पडेल. नवे मोबाइल दोन-तीन फोटो एकत्र करून दोन्ही सांभाळायला बघतात, पण त्यातही कुणी हलले की बोटे दुहेरी दिसतात. अशा वेळी यंत्राला विचारू नका, स्वतःला विचारा : मला कोण दिसायला हवे आहे?

मळा पुढच्या वर्षीही झळकेल. आजीचे तसे नाही. घरातले माणूस गेले की भिंतीवर लावायला फोटो शोधावा लागतो, आणि मग कुठल्याशा लग्नातला, चौथ्या रांगेतला, अर्धा अंधारात गेलेला चेहरा कापून मोठा करावा लागतो. किती घरांत असे फोटो आहेत, तुम्हीच आठवून पाहा. जन्मभर चुलीपुढे राबलेल्या बाईच्या वाट्याला शेवटी तो एक धुरकट फोटो!

तेव्हा या आठवड्यात एवढे कराच. सकाळी नऊच्या सुमारास, ओसरीच्या कडेला, सासूबाईंना किंवा आईला बसवा. बोट त्यांच्या चेहऱ्यावर टेकवा, सूर्य हवा तेवढा वर सरकवा, तीन फोटो काढा. मग मोबाइल मुलीच्या हातात द्या आणि तुम्हीही त्यांच्याशेजारी बसा. फोटो काढणारी बाई फोटोत कधीच नसते, तेवढे एक बदलू या.