आंत सरकलेली ओळ



आपलें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. त्याचा मजकूर कांहीं संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत आहे. त्या काळीं शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची चाल नव्हती. शब्द कोठें संपला आणि वाक्य कोठें संपलें, हें वाचणाऱ्यानें आपल्या ज्ञानानें ठरवावयाचें.

संगणकास द्यावयाच्या आज्ञा लिहितांना हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. ‘सी’ भाषेंत ओळीच्या आरंभीं किती जागा सोडली आहे, याची यंत्रास पर्वा नसते; कंस आणि अर्धविराम पाहून तें अर्थ लावतें. माणसाची दृष्टि मात्र समासावर चालते. ‘शेतांत ओल असेल तर’ अशी अट लिहिली, कीं ‘पेरणी कर’ ही आज्ञा तिच्याखालीं थोडी आंत सरकवून लिहावयाची. म्हणजे कोण कोणाच्या अधीन आहे, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

हें काम लिहिण्याचें साधन, म्हणजे एडिटर, आपण होऊन करूं शकतें. महिरपी कंस उघडून नवी ओळ घेतली, कीं ती ठराविक जागा, बहुधा चार अक्षरांइतकी, आंत सुरू होते. कंस मिटला कीं समास पुन्हां बाहेर येतो. उघडे राहिलेले कंस मोजावयाचे, एवढेंच यांतील मर्म. ‘व्हिम’ नांवाच्या एडिटरांत मजकूर निवडून बरोबरीचें चिन्ह दाबलें, कीं आधीं लिहिलेल्या ओळीही आपापल्या जागीं बसतात.

ही केवळ टापटीप नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्यें ‘ॲपल’ कंपनीच्या प्रणालींतील एक दोष उघडकीस आला. ‘गोटू फेल’, म्हणजे उरलेली तपासणी सोडून शेवटीं जा, ही आज्ञा एका अटीखालीं दोनदां लिहिली गेली होती. कंस नसल्यामुळें अटीचा अंमल पहिल्याच ओळीवर होता. दुसरी ओळ अट खरी ठरो वा न ठरो, अंमलांत येई. त्यामुळें समोरच्या संगणकाची सही पडताळून पाहण्याची पायरीच टळत असे. दोन्ही ओळी सारख्याच आंत असल्यानें डोळ्यांस कांहीं खटकत नव्हतें. समास एडिटरकडून लावून घेतला असता, तर दुसरी ओळ बाहेर सरकून उघडी पडली असती.

मात्र या सोयीसही मर्यादा आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पायथन’ भाषेंत समास हाच अर्थ. तेथें अटीखालचा भाग कोठें संपवावयाचा, हें एडिटरला कळण्यास मार्ग नाहीं. तें लिहिणाऱ्यानेंच ठरवावें लागतें.

म्हणून संगणकाचें शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं एक संवय लावून घ्यावी. ‘सी’सारख्या भाषेंत लिहून झालें, कीं समास एकदां यंत्राकडून लावून घ्यावा, आणि आपण ठेवली होती तेथून कोणती ओळ हलली तें पाहावें. जेथें ओळ हलली, तेथें आपला हेतु आणि यंत्रास झालेला बोध यांत बहुधा अंतर पडलेलें असतें. ती ओळ पुन्हां एकदां वाचावी.