भिंतीतलं मीठ

दिवाळीआधी घर रंगवायची आपली रीत. पावसाळाभर ओलावलेली भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, वर ऑइलपेंट ओढायचा. लक्ष्मीपूजनाला भिंत झकास दिसते, होळीपर्यंत पुन्हा पोपडे धरते. बोल लागतो रंगाऱ्याला. कारण मात्र भिंतीच्या पोटातल्या मिठात असतं.

कोकणातली जांभ्याची घरं काय किंवा देशावरचे दगड-विटांचे वाडे काय, त्यांच्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतलं पाणी चिऱ्यांच्या बारीक छिद्रांतून बहुधा मीटरभर, कधी त्याहून वर चढतं आणि सोबत क्षार आणतं. खाडीच्या वाळूतून क्लोराइड येतं, सिमेंटातून सल्फेट. पूर्वी गोठा असलेल्या भिंतीत जनावरांच्या मुतापासून झालेलं नायट्रेट सापडतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागतो.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. म्हणून जुलैत छप्पर न गळताही भिंतीवर ओले डाग उमटतात. खरी मोडतोड मात्र भिंत सुकताना होते. ऑक्टोबरच्या उन्हात स्फटिक धरतात आणि छिद्रं आतून फोडतात. कोरडं सोडियम सल्फेट तर पाणी धरून स्फटिक झालं, की सुमारे चौपट जागा घेतं.

चुन्याचा गिलावा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल त्यातून बाहेर पडते, क्षार त्याच्यातच साठतात आणि चिऱ्याऐवजी तो झिजतो. सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट ही वाट बंद करतो. मग पाणी आणखी वर चढतं आणि चिराच भुसभुशीत होतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून तिचा उघडा जांभा पावसाचा मारा सोसतो आहे.

उपाय करण्याआधी पाणी कुठून येतं ते ठरवा. भिंतीवर अॅल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूला धरलं तर भिंतीतली. मग पन्हाळी दुरुस्त करा, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या, बाहेर चढलेली माती खाली उतरवा.

त्यानंतर सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या अर्धा मीटर वरपर्यंत काढा, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) उकरा आणि भिंत उघडी सोडा. भिंत साधारण महिन्याला इंचभर सुकते, म्हणजे दीड फुटी भिंतीला एकाच बाजूने सुकायला दीड वर्षही लागतं. वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून कागदावर गोळा करा. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत शिरतात. क्षार फारच असतील तर कागदाचा लगदा, वाळू आणि चिकणमाती यांचा ओला लेप भिंतीला लावतात. तो वाळताना क्षार ओढून घेतो. मग तो काढून टाकायचा आणि गरजेप्रमाणे नवा लावायचा.

शेवटी चुना, धुतलेली नदीची वाळू आणि सुरखी (विटांची पूड) यांचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. काही वर्षांनी हा गिलावाही क्षारांनी भरेल. तेव्हा तो उतरवून नवा चढवायचा. आतला चिरा शाबूत राहिला की खर्च वसूल झाला.