हरलेला डाव पुन्हा मांडताना

हडफडे येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा रंगली. त्यापूर्वी २०१७ साली अनुराग म्हामल यांच्या रूपाने गोव्याला पहिला ग्रँडमास्टर लाभला होता. पेडणे, डिचोलीतील शाळकरी खेळाडूंनाही ही उंची खुणावणे स्वाभाविक आहे. घरी रोज प्रशिक्षक नसला, तरी एक शिक्षक प्रत्येकाजवळ असतो: स्वतःच्या हरलेल्या डावाची नोंद.

वजिरापुढील प्याद्याने सुरू होणाऱ्या ‘क्वीन्स गॅम्बिट’चे उदाहरण घेऊ. पांढरा डी४ खेळतो, काळा डी५. पांढरा सी४ वर प्यादे देऊ करतो आणि काळा ते मारतो. पांढऱ्याच्या ई३ या खेळीनंतर जिंकलेले प्यादे राखण्यासाठी काळा बी५ खेळतो. पांढरा ए४, काळा सी६. पांढरा बी५ वरील प्यादे मारतो, काळा सी-प्याद्याने परत मारतो. आता पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येतो. ए८ वरील हत्तीपर्यंतचा कर्ण पूर्ण मोकळा झालेला असतो. हत्ती वाचवायचा तर काळ्याला घोडा किंवा उंट गमवावा लागतो.

पराभूत खेळाडू म्हणतो, ‘वजीर दिसलाच नाही.’ संगणक पाचव्या खेळीकडे बोट दाखवतो. तेव्हा बी५ वर परत मारले नसते, तर प्याद्यांच्या तोट्यावर निभावले असते. परंतु चुकीचे मूळ तिसऱ्या खेळीत, म्हणजे प्यादे राखण्याच्या हट्टात आहे. ते परत जाऊ देऊन घोडे-उंट बाहेर काढणे अधिक हिताचे होते. ‘एफ३ वरील वजिरापासून सावध राहा’ एवढाच धडा घेतला, तर तोच हट्ट पुढच्या डावात निराळ्या रूपाने नडतो.

म्हणून परीक्षणाचा क्रम महत्त्वाचा. डाव संपल्यावर, स्मरण ताजे असतानाच, निर्णायक खेळ्यांपुढे त्या वेळचा स्वतःचा विचार लिहावा. प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या धमक्या दिसल्या होत्या, हेही नोंदवावे. त्यानंतरच संगणकाची मदत घ्यावी. कोणती खेळी चुकली हे संगणक अचूक सांगतो. ती आपण का खेळलो, हे त्याला ठाऊक नसते. ते उत्तर केवळ खेळाडूपाशीच असते आणि एका रात्रीत पुसटही होते.

पालकांनीही ‘जिंकलास की हरलास?’ यापुढे जाऊन ‘ही खेळी का केलीस?’ असे विचारावे. पराभव त्या प्रश्नानंतरच उपयोगी पडू लागतो.