उजवा हात, दोन वाजता, लांब : दृष्टिहीन खेळाडू भिंत कशी चढतो?

टोकावड्याहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की मोरोशीचा भैरवगड दिसतो. तो उभा कातळ बघून मुलं हमखास विचारतात, "सर, यावर माणूस चढतो कसा?" ज्याला दिसत नाही असा माणूसही कडे चढतो, आणि अशा खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा होतात, हे त्यांना सांगायला हवं. या खेळाला पॅराक्लायम्बिंग म्हणतात. त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०११ मध्ये इटलीतील आर्को येथे झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच असेल.

जपानचे कोइचिरो कोबायाशी सोळाव्या वर्षी चढाईला लागले. अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं की डोळ्यांच्या आजाराने आपली नजर हळूहळू जाणार. अमेरिकेचे एरिक वाइनमायर हे दृष्टिहीन गिर्यारोहक २००१ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले होते. कोबायाशींना त्यांच्याकडून उभारी मिळाली. २००५ मध्ये त्यांनी 'मंकी मॅजिक' ही संस्था काढली. दृष्टिहीनांना चढाई शिकवणं हे तिचं काम. पुढे २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी सलग चार जागतिक विजेतेपदं त्यांनी बी-१ गटात मिळवली. बी-१ म्हणजे जवळजवळ पूर्ण अंधत्व. बी-२ आणि बी-३ मध्ये थोडंफार दिसतं. बी-१ मध्ये सगळेच डोळ्यांवर पट्टी लावतात, म्हणजे कुणाला अंधूक उजेड दिसत असला तरी फायदा नको.

चढताना कमरेला दोर असतो, तो वरून आलेला. हात सुटला तर खेळाडू दोरावर लटकतो, खाली पडत नाही. पण भिंतीवरची पुढची खुंटी कुठे आहे, हे कसं कळणार? त्यासाठी खाली उभा असतो वाटाड्या. तो आधी भिंत नीट वाचतो आणि मग बोलून वाट दाखवतो.

मंकी मॅजिकची पद्धत मला फार आवडली. तीनच गोष्टी सांगायच्या: दिशा, अंतर, आकार. दिशा घड्याळाच्या काट्यावर. "उजवा हात, दोन वाजता, लांब, गोल खुंटी." बस्स! "इकडे", "तिथे", "अजून थोडं" हे शब्द तिथे निरुपयोगी. आणि आपण वर्गात दिवसभर तेच बोलतो की नाही?

आपल्या शाळांमध्ये कमी दिसणारं मूल खेळाच्या तासाला ओट्यावर बसतं. कुणी मुद्दाम बसवत नाही, पण लागेल, पडेल या काळजीने तसं होतं. मग हळूहळू ते स्वतःच "मी नाही खेळत" म्हणायला लागतं. ही सवय लागली की सुटत नाही, आणि डोळ्यांपेक्षा तिचंच नुकसान जास्त, असं माझं मत आहे.

भिंत नसली तरी ही भाषा वापरता येते. घरी आईने सांगावं, "भाजी तीन वाजता, भाकरी नऊ वाजता." मैदानात सांगावं, "चेंडू अकरा वाजता, चार पावलं." एक मात्र सांभाळा. वाटाड्याचं आणि चढणाऱ्याचं तोंड एकाच बाजूला, भिंतीकडे असतं, म्हणून दोघांचा उजवा हात एकच. आपण मुलाच्या समोर उभे राहून बोललो तर डावं-उजवं उलटतं. म्हणून त्याच्या मागे उभं राहून सांगा. आणि ज्याने घड्याळ कधी पाहिलंच नाही, त्याला आधी पुठ्ठ्याच्या तबकडीवर वालाचे बारा दाणे चिकटवून द्या, बोटांनी चाचपू द्या. बाराचा दाणा वर, म्हणजे त्याच्या नाकासमोर.